दहा हजारांत घरी गाणं ऐकायला क्लोज्ड-बॅक हेडफोन कोणता घ्यावा?

निशाचर डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय.

वन बीएचके, घरात तान्हं बाळ, त्यामुळे स्पीकर बंद झालेत. गाणं ऐकायचं ते रात्री साडेदहानंतर हॉलमध्ये बसून, तेव्हा बायको आणि लेक आतल्या खोलीत झोपलेल्या असतात. मधलं दार उघडंच असतं म्हणून ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू उघडी असलेला, नको, त्यातून निम्मा आवाज बाहेर येतो. वर पंखा फुल स्पीडला. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यपदं, जुनी भावगीतं, कधीतरी जॅझ. सोर्स म्हणजे एक विंडोजचा लॅपटॉप आणि फोन, फोनला जॅक नाही, टाइप-सी आहे.

हेडफोनला दहा हजार आणि लागलाच तर ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) तीन असं बाजूला काढलंय. डोक्यात तीन नावं आहेत, ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स, सोनी एमडीआर-७५०६ आणि बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. शेवटचा बजेटच्या बाहेर जातोय पण सगळीकडे त्याचीच स्तुती, आणि त्यातही २५० ओहमचा (विजेला तितका अडथळा असलेला) घ्या असं सांगतात. ओहम जास्त म्हणजे क्वालिटी जास्त असं काही असतं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. हो, मला चष्मा आहे, फरक पडत असेल तर.

मंद्रसप्तक

फरक पडतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त पडतो, तुम्ही शेवटी लिहिलंत पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

क्लोज्ड-बॅकचा खर्ज तयार होतो तो ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेतून. पॅड कानाभोवती सगळीकडून टेकला तर ती हवा दाबली जाते आणि खालचे सूर ऐकू येतात. चष्म्याची काडी पॅडखालून गेली की तिच्या मागेपुढे बारीक फट राहते आणि त्या फटीतून पहिला पळतो तो खर्ज. वरचे सूर जवळजवळ तसेच राहतात, म्हणून माणसाला वाटतं हेडफोनच पातळ आहे. केस दाट असले, गालाचं हाड वर असलं, जबडा अरुंद असला तरी हेच होतं. त्यामुळे एकाच मॉडेलबद्दल एक म्हणतो बेस भरपूर, दुसरा म्हणतो बेसच नाही, आणि दोघंही आपापल्या डोक्यापुरते खरं बोलत असतात.

आपल्या गाण्यात हे फार जाणवतं. पुरुष गायक काळी एकला गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे सत्तरच्या आसपास. फट असेल तर ती तार वाजते पण तिचा पाया जातो, नुसती जवारीची झणझण उरते. डग्ग्याचंही तेच, मींड ऐकू येते पण घुमारा नाही.

दुकानात जाऊन ऐका आणि एक चाचणी करा. तंबोरा सुरू ठेवा, दोन्ही कप तळव्यांनी अगदी हलके आत दाबा. खर्ज एकदम वाढला तर समजा सील नाहीये, म्हणजे पॅड सगळीकडून टेकलेला नाही. काहीच बदललं नाही तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला बसतो. हे चष्मा घालून करायचं, काढून नाही, कारण घरी तुम्ही चष्मा घालूनच ऐकणार.

गॅझेटप्रेमी

या बजेटमध्ये वायर्ड का घेताय भाऊ? नॉइज कॅन्सलिंगवाला ब्लूटूथ घ्या, पंख्याचा आवाज गायब, वायरची कटकट नाही, फोनला डोंगल (टाइप-सीला जॅक जोडणारा तुकडा) नको. मी तर परत वायरकडे वळणार नाही.

सोल्डरगन

गॅझेटप्रेमी, पंख्याचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मान्य करायला हवा. साध्या क्लोज्ड-बॅकचं बाहेरचा आवाज अडवणं एक हजार हर्ट्झच्या वर चांगलं चालतं, दोनशेच्या खाली फारच कमी. पंख्याची घरघर खालचीच, ती थोडी येत राहणार. सेनहायझर एचडी २८० प्रो मध्ये कंपनी ३२ डेसिबलपर्यंतचा दावा करते, पण तो 'पर्यंत'चा आकडा वरच्या सुरांचा असतो आणि त्यासाठी तो डोकं चांगलंच आवळतो, चष्मेवाल्याला तासाभरात कानामागे दुखायला लागतं.

पण धागाकर्त्याला घरी, एका जागी बसून ऐकायचंय. दहा हजारांच्या ब्लूटूथमध्ये बॅटरी, रेडिओ, माइक, कॅन्सलिंगची चिप हे सगळं त्याच पैशांत बसवलेलं असतं आणि चारपाच वर्षांनी बॅटरी दमली की बदलून मिळणं कठीण. याउलट ७५०६ हा १९९१ पासून जवळपास तसाच मिळतोय आणि डीटी ७७० त्याच्याही आधीपासून, १९८५ पासून. वायर्ड हेडफोनमध्ये जुनं होण्यासारखं पॅड आणि केबलशिवाय फारसं काही नसतं.

आता ओहमचं. ओहम म्हणजे क्वालिटी नाही. २५० ओहमला पुरेसा आवाज काढायला व्होल्टेज जास्त लागतं, एवढाच रोजच्या वापरातला अर्थ. आकडे मांडतो म्हणजे वाद नको. डीटी ७७० ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो ते, एका मिलिवॉटला ९६ डेसिबल. चांगला डोंगल एक व्होल्ट देतो. २५० ओहममध्ये एक व्होल्ट म्हणजे ४ मिलिवॉट, म्हणजे जास्तीत जास्त १०२ डेसिबल. तोच डोंगल ८० ओहमवर साडेबारा मिलिवॉट देतो, तिथे १०७. एम४०एक्स ३५ ओहमचा, त्याचीही सेन्सिटिव्हिटी ९६, तिथे ११० च्या वर जातो.

१०२ ऐकायला खूप वाटतं पण हा कमाल आकडा आहे, तिहाई समेवर पडते तो क्षण. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलापाची सरासरी त्याच्या वीसेक डेसिबल खाली असते, म्हणजे ८२. वर तुम्ही इक्वलायझर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणारी सोय) लावला तर त्यासाठी आधी पाचसहा डेसिबल कापावे लागतात, झाले ७६. हळू ऐकणाऱ्याला तेही चालेल, पण फोनचा डोंगल अर्ध्या व्होल्टचा निघाला तर आणखी ६ गेले. ८० ओहमचा घेतला तर हा सगळा हिशोबच करावा लागत नाही आणि ॲम्पचे तीन हजार वाचतात. ते तीन हजार हेडफोनमध्ये घाला, ॲम्पमध्ये नको, हे माझं ठाम मत.

डोंगल घेताना एवढं बघा की आत डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी चिप) आहे. नुसता तारा जोडणारा स्वस्त अडॅप्टर बऱ्याच फोनवर वाजतच नाही. ॲपलचा टाइप-सी डोंगल मोजमापात फार स्वच्छ आहे आणि लॅपटॉपवर मस्त चालतो, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण वर जात नाही, म्हणून फोनसाठी घेणार असाल तर आधी आपल्या फोनवर लावून बघा.

गॅझेटप्रेमी

बॅटरीचा मुद्दा पटला. माझा वापर लोकलमधला आहे त्यामुळे मला कॅन्सलिंग हवंच, पण घरच्यासाठी तुमचं बरोबर.

अंगाई

मला हेडफोनमधलं फार कळत नाही पण एक विचारते. बाळ आतल्या खोलीत आणि तुम्ही कान पूर्ण झाकून बसणार, बायको दमून गाढ झोपलेली. बाळ उठलं तर कळणार कसं? आमच्याकडे यावरून नियमच केला होता की हेडफोन लावणाऱ्याने बेबी मॉनिटरचा फोन समोर उभा करून ठेवायचा, आवाजाच्या पट्ट्या दिसतील असा. आणि आवाज इतका हळू की आपलं स्वतःचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

बूमऑपरेटर

अंगाईताईंचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा. ज्यांचे कप फिरतात त्यांचा एक कप मागे वळवून एका कानाने ऐकता येतं, एम४०एक्सचे ९० अंशात वळतात. डीटी ७७० ला ती सोय नाही, त्याचा एक कप कानामागे सरकवून ठेवावा लागतो आणि तो टिकत नाही.

मी मुंबईत साउंडचं काम करतो, एमडीआर-७५०६ रोज डोक्यावर असतो, त्याबद्दल लिहितो. हलका, घडी होते, ६३ ओहम असला तरी सेन्सिटिव्हिटी १०६ म्हणून कशावरही वाजतो. कामाला याच्यासारखा नाही, कारण तो वरचे सूर पुढे आणतो, कपड्याची सळसळ, माइकला लागलेला वारा, तोंडाचा चटचट आवाज लगेच सापडतो. पण हाच गुण घरी आड येतो. तासभर ख्याल ऐकला की स, श, च टोचायला लागतात, आणि जुन्या रेकॉर्डची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसते. पॅड पातळ आहेत, कान आतल्या कापडाला टेकतात. मे महिन्यात त्या रेक्झिनसारख्या कव्हरचे काळे तुकडे गालाला चिकटतात. पॅड बदलणं सोपं आहे, पण केबल गुंडाळीची, जड आणि कायमची जोडलेली.

आणि याचे डुप्लिकेट बाजारात खूप आहेत. बिल आणि वॉरंटी नसेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ओळखीचा दुकानदार असेल तर ठीक, नाहीतर अधिकृत विक्रेता.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून लिहितेय. डीटी ७७० जिथे बनतो ते हाइलब्रॉन इथून जवळच, त्यामुळे इकडे तो रेडिओ स्टेशनपासून विद्यार्थ्यांच्या खोल्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. माझ्याकडे ८० ओहमचा आहे आणि मीही चष्मेवाली. त्याचे राखाडी व्हेल्व्हेटचे पॅड मऊ आणि खोल आहेत, काडी त्यात रुतून बसते, दाबत नाही. लेदरेटचे कडक पॅड चष्म्यावर फट ठेवतात तसं इथे कमी होतं.

दोष दोन. केबल तीन मीटर आणि काढता येत नाही, ओढली गेली आणि तुटली तर डाग देऊनच दुरुस्त करावी लागते. दुसरं म्हणजे आठ हजार हर्ट्झच्या आसपास एक टोकदार उंचवटा आहे. तंबोऱ्याची जवारी, टाळ, झांज, संतूर यांना तो जास्तीची चमक देतो. काहींना आवडतं, मला नाही.

सुटे भाग मात्र सगळे मिळतात, पॅड, हेडबँडची गादी, ड्रायव्हरवरची फोमची चकतीसुद्धा. इथून कुणाबरोबर मागवायचा विचार असेल तर एक सांगते, किमतीत वाचतं पण वॉरंटीसाठी परत इकडेच पाठवावा लागतो, तेव्हा फरक फार नसेल तर भारतातच बिलावर घ्या.

पासोड्या

कुणी एकेजी के३७१ चं नाव कसं घेतलं नाही? हर्मनच्या संशोधकांनी, शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी, लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून बहुतेकांना कोणता समतोल आवडतो त्याचा एक आलेख काढला. एकेजी ही हर्मनचीच कंपनी आणि २०१९ मध्ये आलेला के३७१ त्या आलेखाच्या फार जवळ जातो. ३२ ओहम, फोनवर सहज वाजतो. भारतात कधी असतो कधी नसतो ही अडचण.

मंद्रसप्तक

पासोड्या, आवाजाबद्दल दुमत नाही, मी तो मनापासून ऐकलाय. पण त्याचे कप ज्या बिजागरीवर फिरतात तिच्यामुळे बऱ्याच जणांना कानाच्या खालच्या बाजूला, जबड्यापाशी, फट राहते. चष्मा असेल तर आणखीच. कागदावर इतका नेटका हेडफोन आणि डोक्यावर खर्ज अर्धा. बसला तर याच्यासारखा नाही, म्हणून घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

निशाचर डोंबिवलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बेबी मॉनिटरचं लगेच अमलात आणलं, जुना फोन त्यासाठीच लावलाय.

शनिवारी जाऊन तिन्ही ऐकले, लॅपटॉप आणि आपली गाणी घेऊन गेलो होतो. मंद्रसप्तकांची चाचणी केली. एम४०एक्सवर चष्मा काढला की तंबोरा भरलेला, घातला की खर्जाची तार सरळ नाहीशी, पंचमाची तार आणि जोड ऐकू येत राहिले. कप दाबले की परत आली. पॅड काडीच्या पुढे डोळ्याच्या बाजूला जरा उचलला जात होता, दुकानातल्या मुलानेच आरसा धरून दाखवलं. ७५०६ ला इतकं झालं नाही पण पॅड कानाला लागत होते आणि आवाज बूमऑपरेटर म्हणाले तसा पुढे येणारा. डीटी ७७०, ८० ओहम, चष्म्यासकट घातला आणि दाबून बघितलं तर फरक अगदी थोडा. डग्ग्याची मींड खाली जाताना पूर्ण ऐकू आली, शेवटपर्यंत.

ॲम्पचे पैसे त्यातच घातले आणि ८० ओहमचा घेतला. लॅपटॉपला डोंगल लावून ऐकतोय, आवाज निम्म्याच्या वर न्यावा लागत नाही. पण नेकारकाठ म्हणतात ती आठ हजारची चमक मलाही टोचतेय. बायकांच्या आवाजात 'स' फार पुढे येतो. इक्वलायझरचं कुणी सोप्या भाषेत सांगाल का?

सोल्डरगन

अभिनंदन! विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका आणि त्यावर पीस नावाचा जोडप्रोग्रॅम, म्हणजे सरकपट्ट्या दिसतात. टाकताना कोणत्या डिव्हाइसवर लावायचं विचारतं तिथे तुमचा डोंगल निवडा, स्पीकर नाही, इथेच बहुतेकांचं अडतं. मग ऑटोईक्यू या खुल्या प्रकल्पात शेकडो हेडफोनच्या तयार सेटिंग आहेत, तुमचा ८० ओहमचा शोधून फाइल आत घ्या.

पण ती डोळे झाकून वापरू नका. ती सेटिंग कृत्रिम कानावर मोजून केलेली असते. आठ हजारच्या आसपास आणि वर प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळं वागतो, त्यामुळे तुमचा उंचवटा सात हजारला असू शकतो किंवा नऊला. तिथे एकच अरुंद फिल्टर ठेवा, ४ डेसिबल कमी, आणि त्याची जागा सात ते नऊच्या मध्ये हळूहळू सरकवा. ज्या जागी 'स' बसतो पण तंबोऱ्याची जवारी मरत नाही तिथे थांबा. खालच्या सुरांत तयार सेटिंग बेस वाढवत असेल तर आधी सील बघा, फट असताना बेस वाढवला तर ड्रायव्हरवर नुसता भार पडतो.

आणि प्रीअँप (एपीओमधली एकूण आवाजाची पट्टी) उणे ठेवायचा. जितकं सगळ्यात जास्त वाढवलंय तितकं आधी कमी करायचं, नाहीतर समेवर आवाज फाटतो. प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड (प्लेअर आवाज थेट डिव्हाइसला देतो तो) चालू असेल तर एपीओ बायपास होतो, तो बंद ठेवा.

नेकारकाठ

+१. मी साडेसात हजारला ५ कमी केलेत, तुमचं वेगळं येईल. एक दिवस ऐकून ठरवू नका, गाणं ओळखीचं घ्या, अनोळखी रेकॉर्डवर दोष हेडफोनचा की माइकचा हे कळत नाही.

बूमऑपरेटर

पावसाळा येतोय म्हणून लिहून ठेवतो. ते व्हेल्व्हेटचे पॅड घाम आणि दमट हवा दोन्ही पितात आणि बंद कपाटात ठेवले तर बुरशी धरतात. ऐकून झालं की लगेच डब्यात घालू नका, अर्धा तास उघड्यावर राहू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात. पॅड खराब वाटले तर कपाच्या कडेला खोबण असते त्यात पॅडची पातळ ओठासारखी कड अडकवलेली असते, ती बोटाने सोडवत गोल फिरा, निघून येतो. कोमट पाण्यात हलक्या साबणाने धुवा आणि आतपर्यंत सुकल्याशिवाय परत लावू नका, जुलैत याला दोन दिवस लागले तरी लागू द्या.

पॅड काढलेला असताना फोमच्या चकतीखाली बघा. डोक्याचा केस जाऊन ड्रायव्हरच्या पडद्याला टेकला की ठरावीक खालच्या सुरावर बारीक गुरगुर येते आणि माणसाला वाटतं ड्रायव्हर गेला. चिमट्याने केस काढला की संपतं. पडद्याला हात नाही लावायचा.

पासोड्या

वाखु (वाचनखूण) साठवली. सेकंडहँड घेणाऱ्यांनीही हीच गुरगुर तपासावी, वीस ते दोनशे हर्ट्झ हळूहळू चढत जाणारा सूर वाजवून. आणि केबल कपाजवळ हलवून बघा, एक बाजू गेली-आली तर घेऊ नका.

अंगाई

अवांतर आहे पण विचारते. बाबांनी जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन ठेवल्यात, सगळं मोनो पण डाव्या बाजूला आवाज मोठा आणि उजवीकडे दबलेला, स्पीकरवर कळत नाही पण हेडफोन लावला की गाणारा डाव्या कानात बसतो आणि डोकं दुखतं. हेडफोनचा दोष आहे का?

सोल्डरगन

अवांतर नाही, या धाग्यात हवंच होतं. हेडफोनचा दोष नाही ताई, कॅसेट डेकचं हेड तिरकं किंवा मळलेलं होतं. खोलीत दोन्ही स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना मिळतो म्हणून लपतं, हेडफोनमध्ये डावं फक्त डाव्याला.

रेकॉर्डिंग मोनो आहे तर दोन्ही चॅनल एक करायची गरजच नाही, डावी बाजू चांगली आहे तर तीच दोन्हीकडे पाठवा. एपीओमध्ये चॅनल कॉपीची सोय आहे, तिथे उजवीकडे डावं द्यायचं. दोन्ही मिसळू नका, कारण तिरक्या हेडमुळे उजवी बाजू किंचित मागेपुढे असते आणि मिसळल्यावर वरचे सूर एकमेकांना खातात, आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइलना हात लावू नका, त्या तशाच जपून ठेवा. बाबांना सांगा, कॅसेट अजून असतील तर टाकू नका, हेड साफ करून, सरळ करून परत घेता येतील. पुण्यात असाल तर डेक माझ्याकडे आणा, मी करून देतो.